मालकांनी मोटारीत तेल भरलं

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये म्हणतात. मी घेते. जगदेवप्पा. हळ्ळीखेडात तेलाचं दुकान, मागं दोन घाणे आणि दारात मोटार. मोटार हैदराबादच्या कुण्या जहागीरदारानं वापरून टाकलेली. पण ती दारात आली आणि मालकांचे पाय जमिनीला लागेनात. तालुक्यात दुसरी मोटार तहसीलदाराकडं होती, म्हणून हे स्वतःला निम्मा तहसीलदार समजायचे.

मोटारीसोबत मदारसाब नावाचा ड्रायव्हर आला होता. तो तेल बदलायचा तेव्हा मी ओसरीवरून बघायची. मोटार सपाट जागी उभी करायचा. जुनं काळं तेल खाली घमेल्यात सोडायचा, बोल्ट आवळायचा, मग नवं थोडं थोडं ओतायचा. इंजन जरा वेळ चालवून बंद करायचा आणि तेल खाली उतरेपर्यंत बिडी ओढत बसायचा. मग इंजनातली लोखंडी कांडी काढून फडक्यानं पुसायची, परत आत घालायची, परत काढून बघायची. कांडीवर दोन खुणा होत्या. तेल वरच्या खुणेला टेकलं की डब्याला झाकण. डब्यात थोडं तेल उरायचंच.

ते उरलेलं तेल मालकांच्या डोळ्यांत सलायचं. "इंजनाला कमी घालायलाय आन् उरलेलं इकायलाय त्यो," ते मला म्हणाले. आपल्यावरून जग ओळखावं, त्यातली गत. आमच्या दुकानातल्या मापाच्या बुडाला मेणाचा थर होता आणि तो यांनी स्वतःच्या हातानं दिला होता. मदारसाबनं खुणा दाखवून परोपरीनं सांगितलं. पण तेलाच्या दुकानात जन्मलेल्या माणसाला तेलाबद्दल कोण सांगणार? त्याला हाकललं आणि मोटार स्वतःच चालवायला लागले.

सुगीच्या दिवसांत एका सकाळी माझ्या भावाचा गडी निंगप्पा माझ्या माहेराहून, कडगंचीहून घोडं पिटाळत आला. "अक्का, अव्वाला धाप लागलीया. सारखं तुमचंच नाव घ्यायल्यात. लगेच निगा."

अजून आमच्या भागात भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी सुरू झाल्या नव्हत्या. बैलगाडीनं कडगंची म्हणजे वाटेत मुक्काम आला. मोटारीनं मात्र दुपारपर्यंत पोचणं होतं. मला दुसरं काही नको होतं. अव्वा, माझी आई, शुद्धीवर असताना तिच्यासमोर उभं राहायचं होतं, एवढंच. मी गाठोडं बांधून अंगणात आले, तर मालक धोतराचा काचा मारून मोटारीखाली.

"आता हे काय करायलाव?"

"तेल बदलायलोय. लांबचा पल्ला हाय. तुला काय कळतंय त्यातलं?"

मोटार अंगणाच्या उतारावर तशीच उभी होती. जुनं तेल सोडलं, बोल्ट आवळला, इथवर ठीक. मग त्यांनी डबा उचलला आणि अख्खा पालथा केला. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून दुसरा डबा फोडला. आमच्या घरात नव्या बुधल्यात तेल भरायचं तर काठोकाठ भरतात. जागा रिकामी ठेवली तर तिथं दळिद्र येऊन बसतं, असं सासूबाई सांगायच्या. मालकांनी इंजनाचाही बुधला केला. तेल तोंडाशी आलं तेव्हा थांबले.

"अवो, कांडी तर बगा," मी म्हटलं. "मदारसाब वरच्या खुणेपातूर भरायचा."

"खूण हैदराबादच्या चोरांसाठी हाय. आपल्या घरात अर्धं भरत न्हाईत." कांडीला हातही न लावता त्यांनी इंजनाला विभूती लावली आणि नारळ फोडला. जन्मभर गिऱ्हाइकाला बोटभर कमी देणाऱ्या माणसानं एकदाच माप भरून दिलं, तेही इंजनाला.

मोटार सुरू झाली आणि मागून पांढरानिळा धूर निघाला. गल्ली खोकायला लागली. "नवं तेल हाय, जळायलंय," मालक ऐटीत म्हणाले आणि भोंगा वाजवत निघाले. हुमनाबाद गाठेपर्यंत मागचा रस्ता दिसेना. पुढं इंजन गचके खाऊ लागलं. एका ओढ्यापाशी ते खडखडलं आणि बंद पडलं. झाकण उघडलं तर आत सगळीकडं तेल, खालून थेंब गळतायत. मालक हँडल मारून मारून घामाघूम झाले, पण इंजन काही बोलेना.

"जास्तीचं तेल सोडा की," मी म्हटलं. "बोल्ट ढिला करा."

"सोडू कशात? भांडं कुटं हाय?"

"मातीत सोडा!"

ते माझ्याकडं असं बघायला लागले, जणू मी त्यांना लिंगावर पाय द्यायला सांगत होते. "तेल मातीत? लक्ष्मी हाय ती, चन्नव्वा. आमच्या सात पिढ्यांत कुणी सांडलं न्हाई. मी वस्तीवरून घागर घिऊन येतो."

"माजी आई मराय टेकलीया!"

"लगेच येतो की," म्हणाले, आणि खरंच घागर शोधायला निघाले. रानातून जाणारी ती धोतराची पाठ बघून मला इतका संताप आला की रडूही येईना. तेवढ्यात ज्वारीची पोती घेऊन गुलबर्ग्याच्या अडतीला निघालेली गाडी आली. मी हात केला आणि पोत्यांवर चढले. मालकांची वाट बघितली नाही.

गाडीवान भला माणूस होता, पण बैल ते बैल. वाटेत मुक्काम झाला. गुलबर्ग्याहून दुसरी गाडी करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कडगंचीत पोचले, तर दाराशी बायका बसलेल्या. माझी वहिनी, गंगम्मा, उठून गळ्यात पडली. अव्वाला सकाळीच माती दिली होती. माझ्यासाठी रात्रभर थांबले, मग थांबणं होईना. मला तिचं तोंडसुद्धा दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत भोंगा वाजला. मोटार स्वच्छ पुसलेली होती आणि धुराचा मागमूस नव्हता. मालक खाली उतरले, कांडी काढली आणि सगळ्या बायकांसमोर माझ्यापुढं धरली.

"बग, बराबर खुणंवर आनलं! पुसून, थांबून, दोनदा बगितलं. कशी चालायलीय बग आता. चल, अव्वाला घे, गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेऊ."

मी त्यांना सांगितलं.

"अव्वाला पुरलं."

कांडी त्यांच्या हातात तशीच राहिली. त्यांनी हळूच विचारलं, "कवा गेली?"

"तुमी घागर हुडकाय गेलाव, त्या सांच्याला," मी म्हटलं. "मोटार चालली असती तर दुपारीच मी तिच्यापाशी असते."