दार लावण्याआधीची हाक

शीतगृहाचा एक नियम होता. संध्याकाळी दार लावण्याआधी आत तोंड करून ओरडायचं, "कोणी आहे का आत?" उत्तर आलं नाही तरच बाहेरून अडसर टाकायचा. साधा, शहाणा नियम. पण एका संध्याकाळी मुकादमाला घरी जायची घाई झाली. त्यानं हाक न मारताच दार लावलं आणि मटारच्या खोक्यांमागे झाडलोट करणारी धाकटी आतच राहिली. दाराची आतली कडी तेव्हा मोडकी होती. ती आजही मोडकीच आहे. माणूस मेलं म्हणून कडी दुरुस्त करणारे मालक वेगळे असतात.

धाकटीची नोकरी त्यांनी थोरल्या बहिणीला दिली, वर चारचौघांत उपकार म्हणून मिरवली. थोरली म्हणजे भित्री भागूबाई, पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारी. पहिल्याच संध्याकाळी तिनं हाक मारली, तर आतून उत्तर आलं, "थांबा हं, आले!" आवाज धाकटीचा. थोरलीची बोबडीच वळली. मग रोज हाक आणि रोज तेच उत्तर. शेवटी मालकांनी हाकच बंद करून टाकली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

मग एका संध्याकाळी खुंटीवर आत जाताना घालायचा एक जाड कोट कमी होता. ढब्बू हमालाचा.

"घालून गेला असेल घरी," मुकादम म्हणाला. "लाव दार आणि सूट." आणि तो स्वतः सुटलासुद्धा.

थोरली दाराशी एकटी उरली. दार लावून पळावं असं तिला फार वाटलं, खोटं कशाला सांगू? पण ढब्बूची पोरं लहान होती. आणि धाकटीच्या वेळीही असंच कोणीतरी दाराशी उभं होतं, हे काही केल्या मनातून जाईना. तिनं हाक मारली.

"थांबा हं, आले!"

धाकटीच. ढब्बूचा आवाज नाही. थोरलीनं दारात एक खोकं अडकवलं आणि मन घट्ट करून आत शिरली.

ढब्बू शेवटच्या रांगेत आडवा होता. वरचं खोकं डोक्यात बसलं होतं. शेजारी धाकटी बसली होती. भुवयांवर बर्फ, ओठ काळेनिळे. त्याचे गाल चोळून त्याला उठवत होती बिचारी. थोरलीनंही त्याला गदागदा हलवलं. ढब्बूनं डोळे उघडले ते थेट धाकटीच्या तोंडावर. मग काय! बोंबलत, धडपडत दाराकडे धूम ठोकली त्यानं.

"अरे, दार धरून ठेव! आम्ही येतोय!" थोरली ओरडली. तिनं धाकटीचा हात धरला होता, तो काही केल्या ती सोडणार नव्हती.

दारातून ढब्बूनं वळून पाहिलं. हातात हात घालून दोघी येत होत्या. त्यानं लाथेनं खोकं उडवलं, दार ओढलं आणि अडसर टाकला.

थोरलीनं दारावर मुठी आपटल्या, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. बाहेर सगळं सामसूम. मग ती धाकटीला कवटाळून खाली बसली. तिला आता कशाचीच भीती वाटत नव्हती, आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

"येईल गं कोणीतरी," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं होतं, ताई," धाकटी म्हणाली.