चालू गाडीची बॅटरी

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात वडवणीजवळच्या आमच्या वाडीच्या दूध संस्थेकडं वाहनं तीन होती आणि धड बॅटरी एकच. पाण्याचे टँकर ओढणारे दोन ट्रॅक्टर आणि दुधाचे कॅन नेणारी एक जुनी पिकअप. दोन बॅटऱ्या उन्हानं बसल्या, तेव्हा सभासदांनी एकमुखानं ठरवलं, की पाऊस पडेपर्यंत काय घ्यायचं ते जनावरांसाठीच घ्यायचं. बॅटऱ्यांचं पुढं बघू.

मग त्या एका बॅटरीवर तिन्ही वाहनं चालवायची विद्या शहादेव तात्यांनी काढली. पहाटे बॅटरी पहिल्या ट्रॅक्टरला जोडायची, सेल मारायचा, इंजिन लागलं की ते चालू असतानाच बॅटरी सोडवायची आणि दुसऱ्याला न्यायची. दुसरा लागला की तिथून काढून पिकअपमध्ये. ट्रॅक्टर दिवसभर बंद करायचे नाहीत, एवढंच पथ्य. गावाला या विद्येचं भारी कौतुक. शेजारच्या गावचे लोक बघायला येत, आणि संस्थेचे चेअरमन बबनराव पाहुण्यांना सांगत, की आमच्या तात्यांचा हात लागला की लोखंडसुद्धा नाही म्हणत नाही.

तात्या माणूस मोठा भाविक. कीर्तनात टाळ घेऊन उभे राहिले की दोन-दोन तास पायांची जाणीव नसायची त्यांना. यंदा आडात पाणी नव्हतं, तरी गावानं सप्ताह मोडला नाही, आणि काल्याच्या कीर्तनाला धर्मराज महाराज आले. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची भाकरी शिळी, कुणाची ताजी, देवानं सगळ्या एकात कालवल्या, असं महाराज सांगू लागले आणि मांडवातल्या बायका पदर डोळ्याला लावू लागल्या. तात्यांच्या गालांवरून तर धाराच लागल्या होत्या.

पंगत उठली आणि महाराज निघाले. संध्याकाळी त्यांचं नांदूरघाटला कीर्तन होतं. पण गाडी काही केल्या चालू होईना. गाडी नवी, बटण दाबून चालू होणारी. ड्रायव्हर पंडितनं बटण दाबलं की नुसती टकटक व्हायची. पंडित तिशीतला, सालस माणूस. बॅटरी महिन्यापासून कुरकुरतेय, आता वडवणीहून नवी आणून बसवतो, तासाभरात निघू, असं त्यानं महाराजांना सांगितलं. महाराज म्हणाले, बरं, आणि देवळात जरा आडवे झाले.

तेवढ्यात तात्या आलेच, पाना घेऊन. त्यांनी पंडितला सांगितलं, की नवी-बिवी कशाला, पिकअपची बॅटरी लावतो, गाडी चालू करतो, मग तुझीच परत जोडून देतो; नांदूरघाटपर्यंत इंजिन बंद करू नकोस म्हंजी झालं. महाराजांची सेवा आपल्या हातून घडणार म्हणून त्यांचा ऊर भरून आला होता. भोवती पंधरा-वीस माणसं जमली होती, तीही तात्यांचा हात बघायलाच.

पिकअपची बॅटरी बसली. बटण दाबताच गाडी लागली. लोकांनी माना डोलवल्या. तात्यांनी पाना पुन्हा टर्मिनलला लावला, तसा पंडित पुढं झाला.

"तात्या, चालू गाडीची सोडू नका. ह्या गाडीत सगळं कॉम्प्युटरवर असतंय. कंपनीच्या माणसानं मला बजावून सांगितलंय."

"कंपनीच्या माणसाला म्हणावं, आमच्या गावात येऊन एक उन्हाळा काढ," तात्या म्हणाले. "तू लंगोटीत फिरत व्हतास तवापासून बॅटऱ्या सोडतोय मी."

लोक हसले. पंडितही कसनुसं हसला आणि बाजूला झाला. थोरल्या माणसाला, त्यात यजमान गावच्या, आणखी किती अडवणार.

तात्यांनी वायर उचलली. एक बारीक टक् असा आवाज आला. समोरच्या काचेखालचे सगळे दिवे एकदम लागले, आणि मग एकदम गेले. इंजिन बंद पडलं. करपलेल्या प्लॅस्टिकचा वास आला. तात्यांनी घाईघाईनं बॅटरी परत जोडली. बटण दाबलं तर आता टकटकसुद्धा होईना. काय झालं ते त्यांना त्याच क्षणी कळलं. ट्रॅक्टर आडदांड, त्याला बॅटरी असली काय, नसली काय. ही जात वेगळी होती, आणि हे सांगणारा माणूस हाताच्या अंतरावर उभा होता.

महाराज बाहेर आले. पाच वाजता पोहोचायचं होतं, तीन इथंच वाजत आले होते.

"आता काय झालं?" त्यांनी विचारलं.

पंडितनं तात्यांकडं एकवार बघितलं. तात्यांची मान खाली होती. तेव्हा तो म्हणाला, "गाडीच गेली महाराज. काय झालं कळंना."

"मागं लिंबागणेशला टायरीपायी लोक दोन तास ताटकळले. आज हे. तुला गाडी सांभाळता येत नाही पंडित, हे आता मला कळलं." महाराज शांतपणेच बोलले, पण सगळ्या गावासमोर बोलले.

पंडितनं बॉनेट खाली लावलं. ज्यांनी बघितलं होतं त्यांतलं कुणी काही म्हणालं नाही. तात्या आपला, ड्रायव्हर परका. तात्यांच्या ओठांवर शब्द आला होता. पण पंधरा-वीस माणसं, त्यात बबनराव, वर महाराज. शब्द तिथंच राहिला.

बॅटरी पुन्हा पिकअपमध्ये गेली. तात्याच महाराजांना घेऊन निघाले. पंडित मागं राहिला, गाडीपाशी, लिंबाखाली बसून. दोन तास वाट होती. महाराज प्रेमानं बोलत होते. तुम्ही होतात म्हणून निभावलं, म्हणत होते. मग म्हणाले, की पंडितला आता रजा देतो, बहिणीचा दीर गाडी चालवतो, त्याला बोलावतो. पंडितची म्हातारी आई आहे, दोन लेकरं आहेत, हे त्यानंच दुपारी पंगतीत वाढताना सांगितलं होतं. आता सांगू, पुढच्या फाट्यावर सांगू, असं करता करता नांदूरघाट आलं.

कीर्तन सुरू झालं. तात्या टाळकऱ्यांत उभे राहिले, पण टाळ पडायचा तिथं पडेना. शेजारच्यानं दोनदा त्यांच्याकडं वळून बघितलं. अर्ध्यावर महाराज थांबले आणि मांडवाला म्हणाले, "आज मी तुमच्यापुढं उभा आहे तो एका माळकऱ्यामुळं. ते बघा, शहादेवराव. त्यांनी हातातलं काम टाकून मला इथं आणलं. अशी निर्मळ माणसं आहेत म्हणून हा जिल्हा दुष्काळातही तग धरून आहे."

हजार माणसं वळून बघू लागली. एक म्हातारी वाकून तात्यांच्या पाया पडली. तात्यांना वाटलं, आडात पाणी नाही म्हणून काय झालं, आत उडी टाकायला जागा तर आहे.

त्यांनी टाळ शेजाऱ्याच्या हातात दिले आणि ते सरळ पुढं गेले. लोकांना वाटलं, दर्शनाला चाललेत. महाराजांच्या पायांवर डोकं ठेवून ते हळूच बोलले. "माउली, गाडी मी जाळली. पोरगं नको म्हणत व्हतं. मी ऐकलं न्हाई, अन् तुमी त्याला बोलला तवा गप बसलो."

डोक्यावरचा महाराजांचा हात थबकला. मग महाराजांनी पुन्हा विणेकऱ्याला खूण केली आणि कीर्तन पुढं नेलं. पण आवाज मघासारखा चढला नाही, आणि आरती लवकरच झाली.

आरतीनंतर त्यांनी तात्यांना जवळ बोलावलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं तात्यांना.

"मी त्याला काही न विचारता चारचौघांत बोललो," महाराज म्हणाले. "तुम्ही चारचौघांत गप्प राहिलात. कानात सांगून हे फिटायचं नाही शहादेवराव. तुमच्याकडं दूध कधी घालतात?"

"सकाळी सहाला," तात्या म्हणाले.

सहाला संस्थेपुढं सगळं गाव असतं. एरवी कॅन भरून येत, यंदा तळाशी चार-दोन लिटर; पण माणसं तेवढीच, रांग तेवढीच. पिकअप थांबली, त्यातून महाराज उतरले, तशी रांग मोडून लोक पाया पडायला धावले. महाराजांनी त्यांना हातानंच थोपवलं. पंडित संस्थेच्या ओसरीवर बसून चहा पीत होता. रात्री तात्यांच्याच घरी, त्यांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी त्याला आग्रह करून जेवू घातलं होतं, अंथरूण दिलं होतं. त्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि त्यानं काही सांगितलं नव्हतं.

तात्या ओसरीपुढं उभे राहिले. जे कानात बोलले होते ते त्यांनी मोठ्यानं सांगितलं, एक शब्द कमी न करता. पंडितनं काय बजावलं होतं, आपण लंगोटीचा टोमणा मारून कसं हसं केलं, तेही. माप थांबलं होतं. मंजुळाबाई रांगेतच होत्या. त्यांनी कॅन खाली ठेवला आणि नवऱ्याकडं बघतच राहिल्या.

बबनराव खाकरून म्हणाले, "जाऊ द्या तात्या, हुतंय माणसाच्या हातून. आमी बी बघितलंच की."

"बघितलंत, मग बोलला का नाहीत?" महाराजांनी विचारलं. बबनराव आपल्या कॅनच्या झाकणाशी चाळा करू लागले. बाकीच्यांनीही कुठं कुठं नजर लावली.

महाराज पंडितसमोर गेले. "माझं चुकलं बाबा," एवढंच म्हणाले. पंडित कपासकट धडपडून उठला, चहा अंगावर सांडला. लाजेनं त्याचे कान लाल झाले होते. जणू चोरी त्याचीच पकडली गेली होती.

"तात्या," तो शेवटी म्हणाला, "कशाला सांगितलंत. माझं काय, मी उद्या दुसरी गाडी धरली असती. तुमाला तर ह्याच गावात ऱ्हायचंय."

तात्यांनी हात जोडले, पण मान वर करून त्या तरण्या माणसाच्या डोळ्यांत बघणं काही त्यांना जमलं नाही. मागं माप पुन्हा सुरू झालं. दूध कॅनमध्ये पडल्याचा तेवढा आवाज येत होता.