ओरेस्ते गांदोल्फीचा गळा

माणूस आवाज निवडत नाही, आवाजच माणसाला निवडतो आणि मरेपर्यंत सोडत नाही. गायक ओरेस्ते गांदोल्फी हे वाक्य इटलीतल्या पार्मा शहराच्या ऑपेरा मंडळाच्या वार्षिक जेवणात दरवर्षी उभा राहून म्हणत असे, हॅम संपून तोर्तेल्ली, म्हणजे सारण भरलेला पास्ता, यायच्या मधल्या वेळात. लोक जोरात टाळ्या वाजवत. टाळ्या थांबल्याशिवाय तोर्तेल्ली येत नसत.

त्या हिवाळ्यात त्याचा घसा बसला आणि देलसांते डॉक्टरीणबाईंनी त्यात नळी घालून पाहिलं.

"तुम्ही टेनर ना, वरच्या पट्टीतले?" नळी काढत त्यांनी विचारलं.

"बॅरिटोन," ओरेस्ते म्हणाला. "पार्मात राहता आणि मला ओळखत नाही?"

"मी मोदेनाची," बाई म्हणाल्या आणि यंत्राचा पडदा त्याच्याकडे वळवला. "हे तुमचे स्वरतंतू. आखूड आणि बारीक. असे टेनरचे असतात. अंग बॅरिटोनचंच आहे, ते दिसतंय. मान, छाती, सगळं जागच्या जागी. पण आत टेनर आहे."

"मग इतकी वर्षं कोण गात होतं?"

"टेनरच. जरा वाकून."

घशाला वाफ घ्या, इतकाच उपाय त्यांनी सांगितला. ओरेस्ते बाहेर येऊन बाकावर बसला. आपली टोपी आतच राहिली आहे हे कळूनही त्याला उठवेना.

ऑपेरात टेनर वरच्या पट्टीत प्रेम करतो आणि बॅरिटोन खालच्या पट्टीत त्याला आडवा येतो. जगाची ही घडी ओरेस्तेने बिनतक्रार पाळली होती. तो नायिकेचा बाप झाला, थोरला भाऊ झाला, फसवला गेलेला नवरा झाला, जुलमी सरदार तर किती वेळा झाला याची गणतीच नव्हती. त्याने टेनरांना तुरुंगात टाकलं, शाप दिले, सुळावर चढवलं. नायिकेच्या जवळ जायची पाळी यायची ती बहुधा ती मेल्यावर, तेही गुडघे टेकून पश्चात्ताप करायला. आणि ती उठून आधी टेनरचा हात धरून प्रेक्षकांना नमस्कार करायची.

घरी बायको इरीदे पोळपाटावर पीठ लाटत होती.

"काय म्हणाली बाई?"

"मी टेनर आहे."

"त्यावर औषध काय दिलं?"

"वाफ."

"मग घे की. असा भूत पाहिल्यासारखा उभा का?"

ओरेस्तेने वाफ घेतली. मग टॉवेल बाजूला ठेवून, ज्या वरच्या सुरासाठी टेनर दिवसभर मफलर गुंडाळून मौन पाळतात, तो सूर त्याने लावून पाहिला. सूर लागला. नुसता लागला नाही, टिकला. समोरच्या घराची खिडकी धाडकन बंद झाली आणि थोड्या वेळाने हळूच उघडली. इरीदेचं लाटणं थांबलं होतं.

"हे होतं कुठे?" ती म्हणाली आणि पिठाच्या हातांनीच खुर्ची ओढून बसली. "ओरेस्ते, तो टेनर कोपेल्ली माझ्या मागे होता तेव्हा, आई म्हणाली, टेनर घरात टिकत नाहीत, बॅरिटोन कर. म्हणून मी तुला केला."

"मलाही आजच कळलं."

"मला फसवलंस असं नाही म्हणत मी. पण आईला काय सांगू?"

आई वारून बरीच वर्षं झाली होती. दोघांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

आता ओरेस्तेला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. ऑपेरा बसवणाऱ्या बोक्की मास्तरांनी त्याच्या पहिल्या परीक्षेत नक्की काय ऐकलं होतं? ती कथा त्याच्या प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत छापलेली असे. तो आणि कोपेल्ली, दोन पोरं, एकाच दुपारी मास्तरांपुढे गाण्याच्या परीक्षेला उभी राहिली. ओरेस्तेने दोन सूर लावले, मास्तरांनी डोळे मिटले, हात वर केला आणि म्हणाले, "बॅरिटोन." या एका शब्दावर त्याने आयुष्य काढलं होतं. शब्द चुकला असेल तर चुकला, पण मास्तरांना त्या गळ्यात काहीतरी खोल ऐकू आलं होतं, एवढं खरं निघालं तरी त्याचं भागणार होतं.

मास्तर वृद्धाश्रमात सातूच्या कॉफीत बिस्किट बुडवत बसले होते. कान अजून शाबूत होते.

"मास्तर, तुम्ही डोळे मिटलेत तेव्हा काय ऐकलंत?"

"कधी?"

"माझ्या परीक्षेला. मिटलेत आणि हात वर केलात."

"पोशाखांची पेटी उघडली होती रे. धूळ गेली डोळ्यात. हात वर केला तो, बंद करा म्हणून."

"पण 'बॅरिटोन' म्हणालात."

"म्हणणारच. रविवारी प्रयोग. आधीचा बॅरिटोन खाटीक होता, हा एवढा धिप्पाड, तो अर्जेंटिनाला पळाला. झगा तेवढा मागे राहिला. शिंपीण बाळंतपणाला गेलेली, झगा आवळणार कोण? तू दारातून आलास आणि मी तुझी मान पाहिली."

बिस्किट कॉफीत तुटून पडलं. मास्तर ते चमच्याने शोधू लागले.

"आणि आवाज?" ओरेस्तेने विचारलं.

"आवाज दोघांनाही होता की. उलट तुझाच जरा वरचा. म्हणून टेनरची विजार मी आधी तुलाच घालायला दिली होती, तू विसरलास."

"मग?"

"मांडीवर अडली."

कोपेल्लीला ती कमरेत थोडी सैलच झाली होती.