मोरीत ओतलेलं पाणी

मुंबईहून येऊन सिंधुबाईंना तिसरा दिवस. उठता-बसता कुशीतली जखम ओढ घेई, आणि जीव तिकडं मुंबईकडं ओढ घेई. तिथल्या इस्पितळात त्यांचा यादव आईची किडनी पोटात घेऊन चौदा दिवस पडला होता, पण लघवीचा थेंब उतरत नव्हता. रक्त अजून मशीनवरच धुवावं लागे. उशाशी त्याचे वडील खंडेराव. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात त्यांचा ट्रंक कॉल येई आणि शेजारच्या लंकाबाई नर्स तोच निरोप आणत, "नाही अजून."

आज लंकाबाई पट्टी बदलायला बसल्या त्या गप्पच.

"बोल की गं. काय म्हणाले हे?"

"शरीर किडनी नाकारतंय असं वाटतंय डॉक्टरांना. उद्या काढून टाकणार."

सिंधुबाईंना रडायचंही त्राण नव्हतं. समोर भिंतीवर कॅलेंडर. आज एकादशी.

"लंके, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही एकादशीच होती. मी निर्जळी केली."

लंकाबाईंच्या हातातला कापूस थांबला. "आणि सिस्टरनं करू दिली?"

"ती तांब्या भरून ठेवायची. मावशी, भरपूर प्या, म्हणायची. मी मोरीत ओतून यायचे. एवढं मोठं मागणं मागायचं देवाकडं, ते काय ओल्या घशानं?"

"शहाणीच आहेस! वर रात्रीपासून तोंडाला काही लावू देत नाहीत ते वेगळंच. अगं, सुकलेलं रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावलं तर मान टाकणारच."

"म्हणजे मीच घात केला?"

"एकट्या तुझ्यानं काय होतंय! तुझं वय, किडनी बर्फात राहिली तो वेळ, यादवचं उतरलेलं ब्लडप्रेशर, सगळंच मोजतात. पण नाकारलेली वेगळी आणि मलूल पडलेली वेगळी. मलूल पडलेली पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांनी जागी होते. डॉक्टरांना हे कळायला हवं, आजच."

"ह्यांना कसं सांगू? जन्मभर माझ्या उपासतापासाला हसत आले."

सावळीरामबुवा कीर्तनात सांगत ते आठवलं. नैवेद्य दाखवावा तो आपल्या ताटातला, लेकराच्या ताटातला नव्हे. तेव्हा सिंधुबाईंनी मान डोलावली होती. पण त्या तांब्यातलं पाणी कुणाच्या ताटातलं, हे आत्ता कळत होतं.

कुशीवर हात दाबत, लंकाबाईंच्या खांद्यावर भार टाकत त्या दुकानापर्यंत गेल्या. तासाभरानं मुंबई लागली. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं.

मग खंडेराव म्हणाले, "थांब. डॉक्टर इथंच आहेत."

दुकानदाराच्या स्टुलावर सिंधुबाई डोळे मिटून बसल्या. किती वेळ गेला कोण जाणे.

"ऐकतेस का? हे आधीच सांगायचं होतं म्हणाले. उद्या काढत नाहीत. आणखी आठ दिवस बघू म्हणाले."

"बरं."

"आणि तू गं? आज एकादशी ना?"

"हो."

"पाणी प्यालीस?"

सिंधुबाईंनी दुकानदाराकडून पाण्याचा पेला मागून घेतला आणि फोन कानाशी धरूनच, पलीकडं ऐकू जाईल असं, घटाघटा पाणी प्यायल्या.