खिळे तोंडात धरलेले गृहस्थ

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक स्वतःच फार्मासिस्ट होते. सगळे त्यांना सर म्हणत. नियमांचं त्यांना इतकं वेड, की घरच्या साखरेच्या डब्यावरही ते उघडल्याची तारीख लिहीत. बायकोनं एकदा त्याखाली लिहून ठेवलं होतं, 'आणि तुमची मुदत?'

दुकानात फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा वहीत टिपलं जाई. सारख्या दिसणाऱ्या गोळ्या लांबलांबच्या कप्प्यांत असत. पण सरांचा लाडका नियम होता तीन प्रश्नांचा. दुखण्याची साधी गोळी द्यायची, तरी आधी विचारायचं: कोणाला हवीय, आणखी कुठली औषधं चालू आहेत, कशाची अॅलर्जी आहे का?

"मी समोर नसलो की हे विचारत असतील कशावरून?" या शंकेनं सरांना झोप लागेना. शेवटी ते थोरल्या मेहुणीकडे गेले. ती शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली.

"आमच्याकडे कुणी ओळखत नाही अशा एखाद्या बाईंना तीनदा पाठवा," सर म्हणाले. "गुडघेदुखीची गोळी मागायची. विचारलं तरच सांगायचं, की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ही दोन्ही औषधं एकत्र पोटात गेली तर रक्तस्राव होऊ शकतो. न विचारता जो गोळी देईल, तो सापडला!"

"कोण येणार ते तुम्हाला सांगू?"

"छे! माझ्या चेहऱ्यावर लगेच दिसतं."

पंधरा दिवसांनी अहवालाचं पाकीट आलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी सरांनी दोघांना समोर उभं केलं. एक, वीस वर्षं काउंटर सांभाळणाऱ्या ताई, आणि दुसरे, माल लावणारे आणि गरज पडली तर काउंटरवरही उभे राहणारे काका. घसा साफ करून सर वाचू लागले.

"सोमवार. काउंटरवरच्या बाईंनी सगळं विचारलं. गोळी न देता आधी डॉक्टरांशी बोला म्हणाल्या. शाब्बास, ताई. बुधवार. टक्कल असलेले गृहस्थ. अॅलर्जीचं विचारायला विसरत होते, पण विचारलं. गोळी दिली नाही. ठीक आहे, काका."

मग त्यांचा आवाज चढला. "शुक्रवार. एकही प्रश्न नाही! दहा सेकंदांत गोळ्या हातात! लाज वाटायला हवी. कोण आहे हा महाभाग? थांबा, वर्णन दिलंय. 'गृहस्थ स्टुलावर उभे राहून भिंतीवर पाटी ठोकत होते. पाटीवर लिहिलं होतं...'"

सरांचा आवाज एकदम खाली आला.

"'...विचारल्याशिवाय औषध देऊ नका.'"

काकांना अचानक जोराचा खोकला आला. ताई शांतपणे म्हणाल्या, "पुढे वाचा ना, सर."

"'तोंडात खिळे धरलेले असल्यामुळे त्यांना बहुधा बोलता आलं नसावं.'"

सरांनी कागद खाली ठेवला. ती बाई कशी दिसत होती, हे त्यांना काही केल्या आठवेना. चेहरा बघितलाच नव्हता. ती खरोखरच तसली गोळी घेत असती तर?

"तो महाभाग मी," ते म्हणाले.

"कळलं आम्हाला," ताई म्हणाल्या आणि चुकांची वही त्यांच्यासमोर सरकवली. आजवर सर त्यात इतरांच्या चुका लिहीत आले होते. स्वतःची त्यांनी इतक्या घाईत, बारीक अक्षरात खरडली, की ताईंनी वही परत सरकवली. "अक्षर लागत नाही, सर. पुन्हा लिहा."

संध्याकाळी मेहुणीचा फोन आला. "झाली ना शोभा? आता बंद करू या?"

"नको," सर म्हणाले. "पाठवत राहा. कधी, कोण, काहीच सांगू नका."

तेव्हापासून दुकानात शिरणारा प्रत्येक माणूस त्यांना मेहुणीनंच पाठवलेला वाटू लागला. दुसऱ्याच दिवशी एक आजोबा आले. सर काउंटरवर पुढे झुकले, त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघत त्यांनी कोणाला हवंय ते विचारलं, बाकीची औषधं विचारली, अॅलर्जीही विचारली.

"कापसाची?" आजोबा गोंधळून म्हणाले. "मला कापसाची गुंडाळी हवीय हो."

रांगेतली माणसं हसली. सरही हसले, अगदी कानापर्यंत लाल होऊन, आणि कापूस काढायला वळले.