आत्याच्या गाडीला हेडर

आत्याने खोकं माझ्या टेबलावर आदळलं आणि म्हणाली, "हे बसव. चारच्या आत."

खोक्यात हेडर होता. इंजिनातला धूर बाहेर नेणारे चार चकचकीत नळ, पुढे जाऊन एकात मिळणारे. गाडी तिची स्वतःची, पन्नास वर्षांची, दोनच माणसांची आणि इतकी बुटकी की आत्या तीत चढत नाही, उतरते. काका गेल्यावर एकसष्टाव्या वर्षी ती ही गाडी चालवायला शिकली. आता एकोणसत्तरची आहे, आणि दर रविवारी एकटी डोंगराच्या रस्त्याने भटकून येते.

"अगं, याच कामाचा मूळचा भाग, मॅनिफोल्ड, ओतीव लोखंडाचा आहे, धडधाकट आहे. बदलतेस कशाला?"

"आवाज हवाय मला. दणदणीत."

गॅरेज माझं. घरात मला ठिणगी म्हणतात, आणि उगाच नाही म्हणत. पण गिऱ्हाइकाला आवाज हवा असेल तर मी कोण अडवणारी? जॅक लावला.

नट गंजून घट्ट बसले होते. तेल सोडून दोन तास थांबायचं, हा माझा नियम. आत्या कुठली थांबतेय! गाडीभोवती फेऱ्या मार, घड्याळ बघ, दारात जाऊन रस्ता बघ, परत येऊन माझ्या खांद्यावरून वाक.

"निघाला का गं?"

"आत्या, खुर्चीवर बस, नाहीतर तुलाच जॅकवर चढवते."

दीड मिनिट बसली. तिची घालमेल मलाही लागली. हातातून पाना दोनदा सटकला, बोटं सोलली. शेवटी नियम गुंडाळून ठेवला आणि गॅसच्या ज्योतीने नट तापवायला घेतले. एकेक करून कुरकुरत सुटले. शेवटचा सुटेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता, कारण तो तुटला असता तर इंजिनच उघडावं लागलं असतं.

मॅनिफोल्ड उतरवून मी कापडात गुंडाळला आणि बाकावर ठेवला. नट डबीत, डबीवर चिठ्ठी.

"भंगारात दे ना ते," आत्या म्हणाली.

"वेड लागलंय का? असा भाग आता शोधून सापडायचा नाही."

त्यानंतर ती हेडर बसवून होईपर्यंत सारखी त्या बाकाकडे बघत होती.

साडेतीनला गाडी सुरू केली. छपराचे पत्रे थरथरले. मी खूश! आत्याने मात्र दोन्ही कानांवर हात दाबले.

"बंद कर, बंद कर आधी!"

"आवाज हवा होता ना तुला?"

तेव्हा कुठे तिने खरं सांगितलं. दादा, म्हणजे तिचा मुलगा, चारला एका माणसाला घेऊन येणार होता. त्या माणसाला जुन्या गाड्या जमवायचा नाद. गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी, एकही भाग बदललेला चालत नाही त्याला.

मी कपाळावर हात मारला. "मग विकायची नाही म्हणून सांग ना दादाला!"

"तो काळजीपोटीच म्हणतो गं. आई, या वयात कुठे आपटलीस तर? त्याच्यापुढे नाही हा शब्दच फुटत नाही माझ्या तोंडून. कधीच फुटला नाही." तिने गाडीच्या दारावर हात ठेवला. "ठिणगी, आठवड्यातले ते तीन तास तेवढे माझे आहेत."

चारला दादा त्या माणसाला घेऊन आला. त्या माणसाने बॉनेटखाली डोकावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हे मूळचं नाही."

दादा माझ्यावर उखडला. "काय करून ठेवलंस हे? वाट लावलीस गाडीची!"

माझ्या कामाला नाव ठेवलं की माझं डोकं फिरतं. "वाट? एक ओरखडा नाही पडलेला! मूळचा भाग बाकावर आहे, नटसुद्धा जपून ठेवलेत. अर्ध्या दिवसात होती तशी करून देते!"

बोलून गेले आणि जीभ चावली. आत्याने माझ्याकडे पाहिलं. तसं कोणी वैऱ्याकडेही बघू नये.

त्या माणसाचा चेहरा खुलला. "बघू जरा."

"मी देते," आत्या म्हणाली.

तिने कापड सोडलं आणि मॅनिफोल्ड दोन्ही हातांनी छातीशी उचलला. दहा किलो तरी असेल. दोन पावलं चालली. "आई, अगं, मी घेतो," म्हणत दादा पुढे झाला, तशी ती थांबली.

मॅनिफोल्ड सिमेंटच्या जमिनीवर पडला. मधोमध दुभंगला, आणि एक तुकडा घरंगळत गाडीखाली गेला.

"निसटला," आत्या म्हणाली.

दादाने आधी तिचे हात उलटसुलट करून पाहिले, कुठे लागलं का म्हणून. मग माझ्याकडे वळला. "निसटला ना?"

मी समोरच उभी होते. तिची बोटं मी पाहिली होती. तिने ती आपणहून उघडली होती, अगदी सावकाश. मला वाईट वाटलं, तिच्यासाठी आणि खरं सांगायचं तर त्या लोखंडासाठीही.

"तेलकट होता तो," मी म्हणाले. "मीच नीट पुसला नव्हता."