अखिलांडमचं नक्षत्र

पंचनदम सरांना राजराज चोळाचं जन्मनक्षत्र ठाऊक होतं: शततारका. त्याच्या मुलाचं आर्द्रा. देवळातल्या अखंड दिव्याच्या तुपासाठी कोणत्या राणीने किती मेंढ्या दिल्या, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत. कुंभकोणमच्या शाळेत तेहतीस वर्षं इतिहास शिकवल्यावर माणसाला ऐकणारं कोणीतरी लागतंच. निवृत्तीनंतर ती जागा त्यांच्या पत्नीला, अखिलांडमला, अर्ज न करता मिळाली होती. गल्ली त्यांना मामी म्हणे.

पुढच्या सोमवारी तंजावूरला मामींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं. त्याआधी चार देवळं करून यायचं ठरलं. तीन झाली. तिन्ही ठिकाणी एकेचाळीस वर्षं घडत आलं तेच घडलं. सर बाहेर भिंतीवरचा शिलालेख वाचत उभे राहिले, आणि मामी नारळाचं ताट घेऊन आत जाऊन सगळ्यांच्या नावाने अर्चना करून आल्या.

चौथं देऊळ स्वामिमलैचं. ज्या मुरुगनाने, म्हणजे कार्तिकेयाने, बापाला, खुद्द शंकराला, पुढ्यात बसवून ओंकाराचा धडा शिकवला, त्याचं. वर जायला साठ पायऱ्या, एकेका संवत्सराच्या नावाची एकेक. मामींनी पायऱ्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे, आणि खालच्या मंडपात बसकण मारली.

"मी इथूनच हात जोडते. तुम्ही जाऊन या."

"आज अर्चना तुझ्या नावाने करतो," सर म्हणाले.

"माझ्या कशाला? पोरांच्या नावाने करा."

"पोरांचे गुडघे ठीक आहेत."

मामींनी ताटातला नारळ उगाच सरळ केला. "बाराला दार लागतं. भिंतीपाशी थांबू नका."

"नाही थांबत," सर म्हणाले, आणि एका खांबापाशी थोडाच वेळ थांबले.

तेहतिसावी पायरी विकारी संवत्सराची, म्हणजे सरांच्या जन्माची. मामींची प्लव, आणखी दोन पायऱ्या वर. वयाने लहान असून बायको आपल्या वर कशी, हे त्यांना पटलं नाही, पण नवीनही वाटलं नाही.

रांगेतून ते गाभाऱ्यापुढे पोचले. गुरुक्कळांनी, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांनी, ताट हाती घेतलं. पूजा सांगता सांगता केस पांढरे झालेला माणूस.

"नाव?"

"अखिलांडम."

"गोत्र?"

"कौशिक."

"नक्षत्र?"

सर गप्प झाले. ही शांतता त्यांच्या चांगल्या ओळखीची होती, फक्त आजवर ती त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने ऐकली होती. मामी अर्चनेला त्यांचं नक्षत्र सांगत, मुलांचं, सुनेचं, नातवंडांचं. स्वतःचं सांगितलेलं सरांना बाहेर भिंतीपाशी कधी ऐकू आलं नव्हतं. साठीशांत झाली तीही सरांच्या नक्षत्रावर. आणि लग्नाआधी पत्रिका जुळवल्या वडिलांनी. सर तेव्हा एका ताम्रपटात गुंतले होते.

"ठाऊक नसेल तर देवाच्याच नावाने करतो," गुरुक्कळ म्हणाले. "पुष्कळ जण करतात. पुरुषच बहुतेक."

मागून एक म्हातारी म्हणाली, "रोहिणी सांग की. रोहिणीने कोणाचं वाकडं झालं नाही."

पुरावा नसताना तारीख ठोकून देणाऱ्यांशी सर जन्मभर भांडत आले होते. "विचारून येतो," ते म्हणाले. फोन मामींच्या पिशवीत होता. सर तो विसरतात म्हणून दोन्ही फोन तिथेच असत.

"अकरा पस्तीस झालेत," गुरुक्कळ म्हणाले. "तुमचे गुडघे कसे आहेत?"

सर साठ पायऱ्या उतरले. टोमणा खायची तयारी उतरतानाच करून ठेवली होती.

"झाली?"

"नाही. तुझं नक्षत्र कुठलं?"

मामी हसल्या नाहीत. इकडेतिकडे बघून जवळ सरकल्या. "कुठलं सांगू?"

"म्हणजे? किती आहेत तुला?"

"दोन. पत्रिकेत उत्तराषाढा. खरं मूळ."

सर पायरीवर बसले. मुळाची सून सासऱ्याला भोवते, हे त्यांच्या घरात कोणाला शिकवावं लागत नव्हतं.

"तीन ठिकाणांहून नकार आले," मामी हळू आवाजात म्हणाल्या. "मग आमचे अप्पा जोशीबुवांना म्हणाले, पोरगी जरा सरकवा. मागे सरकवावं तर ज्येष्ठा, थोरल्या दिराला वाईट. पुढे सरकवावं तर पूर्वाषाढा, म्हणजे तुमच्यावरच संकट. शेवटी दोन दिवस पुढे नेलं."

"म्हणजे तुझा वाढदिवस..."

"दोन दिवस उशिरा होतो. पायसम ताजंच असतं, काही बिघडत नाही."

"मला तरी सांगायचंस."

"तुम्हाला? तुम्ही शिलालेखासारखं वाचून दाखवलं असतं चार जणांना."

"म्हणून तू स्वतःच्या नावाने कधी..."

"देवापुढे खोटं बोलवेना. खरं बोलावं तर शेजारी मामंजी उभे. त्यांना नुसता ठसका लागला तरी माझा जीव वरखाली व्हायचा."

"अगं, बाबा त्र्याण्णवाव्या वर्षी गेले. शेवटच्या दिवशीसुद्धा डोसा जाड झाला म्हणून बोलले."

"बोलायचेच. मी मनात म्हणायची, बोला, बोलताय तोवर आहात." मामींनी गुडघ्यावर हात फिरवला. "सोमवारी भूल देणार. शुद्धीत नसताना बाईला सांभाळायचं म्हणजे देवाला ती नेमकी कोणती ते ठाऊक हवं. त्याच्यापर्यंत तर मी पोचलेलेच नाही कधी."

सर उठले. सोमवारी काही होणार नाही, हे सांगायला त्यांच्याकडे कसलाच पुरावा नव्हता. पायऱ्या मात्र होत्या.

"ऐकलंत का, हळू सांगा त्यांना."

"हो."

प्लव संवत्सराच्या पायरीवर ते धापा टाकत टेकले. खालून मामींनी वर जायची खूण केली. वर पोचले तेव्हा पाच मिनिटं उरली होती आणि विजेवर चालणारा नगारा घंटांसकट सुरू झाला होता. रांग पांगत होती, पण मघाची म्हातारी निकाल ऐकायला थांबली होती.

"मूळ," सर हळूच म्हणाले.

"काय?"

"मूळ."

गुरुक्कळांनी कानाशी हात नेला. सरांनी तेहतीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज काढला, आणि नेमका त्याच क्षणी नगारा बंद पडला. मूळ हा शब्द गाभाऱ्यात जाऊन परत आला. सगळे वळून पाहू लागले.

"सासरा आहे का?" म्हातारीने विचारलं.

"गेले."

"कितव्या वर्षी?"

"त्र्याण्णवाव्या."

म्हातारीने क्षणभर हिशेब केला. "मग ते नक्षत्र नव्हे, औषध आहे."

गुरुक्कळांनी डोळे मिटून म्हटलं: कौशिक गोत्र, मूळ नक्षत्र, अखिलांडम. सरांनी हजार वर्षांपूर्वीच्या कितीतरी बायकांची नावं मोठ्याने वाचली होती. हे एक नाव ऐकताना मात्र त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

खाली मामी वाटच पाहत होत्या. सरांनी विभूती पुढे केली. मामींनी ती कपाळाला लावली.

"हळू सांगितलंत ना?"

"हो."

तोवर म्हातारी कठड्याला धरून एकेक पायरी उतरत आली आणि थेट मामींपुढे थांबली. "मुळाची ती तूच का गं? भिऊ नकोस. आता देवाला तुझा पत्ता नीट कळलाय. त्याला काय, सगळ्यांनाच कळलाय."

मामींनी सरांकडे पाहिलं. सर शेजारच्या खांबाकडे वळले. त्यावर काहीच कोरलेलं नव्हतं, तरी ते बराच वेळ वाचत राहिले.